राहून जाऊ नये म्हणून

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मामांच्या गावी गेलो होतो. कागल तालुक्यातले लहानसे गाव. घराची साफसफाई चालली होती आणि माळ्यावरचे सामान खाली उतरवण्याचे काम माझ्याकडे आले. त्या सामानात एक पत्र्याची ट्रंक होती. कुलूप नव्हते, पण कडी गंजून घट्ट बसली होती. ती ठोकून उघडली तेव्हा आत दगड झालेल्या रंगाच्या नळ्या, केस झडलेले चार ब्रश, चिनी मातीची एक पॅलेट आणि कापडी पाठीची एक जाड वही निघाली.

वही चाळू लागलो आणि साफसफाई तशीच राहिली. बैल, गुऱ्हाळ, उसाची मोळी बांधणाऱ्या बायका, पारावर पेंगणारी म्हातारी माणसे. रेषा अशी, की आमच्या वर्गात आज ती दोघातिघांकडेच असेल. पण वही अर्ध्यावर थांबली होती. शेवटच्या रेखाटनाखाली तारीख होती, २१ जून १९८१. पुढची सगळी पाने कोरी.

मामा तरुणपणी चित्रकलेची पदविका घेऊन आले होते हे मी घरात ऐकले होते. मला मात्र ठाऊक होते ते साखर कारखान्यात हिशेब लिहिणारे आणि आता निवृत्त होऊन शेतावर फेरी मारणारे मामा. संध्याकाळी धीर करून विचारले, "मामा, चित्रं काढायची तुम्ही सोडली कधी?"

मामा हसले. म्हणाले, "सोडली कुठं रे? सोडली असती तर कधी सोडली ते सांगता आलं असतं. राहून गेलं."

वहीवर तारीख स्पष्ट होती आणि मामांना ती माहीत नव्हती! त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. कारण मी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि माझीही एक वही दुसऱ्या वर्षी अशीच पाच महिने बंद पडली होती. ती पुन्हा सुरू झाली. मामांची झाली नाही. या दोन गोष्टींत फरक काय, याचा विचार करता करता जे हाती लागले ते आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मी कोणी अधिकारी माणूस नाही. पण महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर आपल्यापैकी कितीजण चित्र काढत राहतात, हा प्रश्न आपण एकमेकांना फारसा विचारत नाही. तो निदान एकदा मोठ्याने विचारावा असे वाटते.

सवय कोणाची?

आपण समजतो की चार-पाच वर्षे रोज काम केल्यावर हात आपोआपच चालत राहील. मलाही तसेच वाटत असे. पण जरा बारकाईने पाहा. सकाळी घंटा होते म्हणून आपण बोर्डासमोर बसतो. मॉडेल बसलेले असते म्हणून आपण मान वर करतो. सबमिशनची तारीख असते म्हणून चित्र पुरे होते. वर्गाला उत्तरेचा प्रकाश आहे, पाणी ओतायला बेसिन आहे, शेजारी कोणीतरी आपल्याहून बरे काम करीत असतो आणि सर पाठीमागे येऊन उभे राहतात. हे सगळे टेकू आहेत. शेवटच्या परीक्षेनंतर ते एकाच दिवशी निघतात. तेव्हा कळते, की चित्र काढण्याची सवय आपल्याला नव्हती, ती महाविद्यालयाला होती!

यात महाविद्यालयाचा दोष नाही. मांडवाशिवाय वेल चढत नाही. पण वेल चढत असतानाच तिने आपले खोड थोडेफार जाड केले पाहिजे. म्हणजेच, या टेकूंपैकी कोणते आपण स्वतः आपल्यासाठी उभे करू शकतो हे इथे असतानाच शोधून ठेवले पाहिजे. घंटा कोणती? बोर्ड कुठे? सबमिशनची तारीख कोणती? आणि पाठीमागे येऊन उभे राहणारे सर कोण? या चार प्रश्नांची ज्याच्याकडे लहानशी का होईना, स्वतःची उत्तरे आहेत, त्याची वही चालू राहण्याचा संभव आहे.

माझे पाच महिने

दुसऱ्या वर्षी एका प्रदर्शनासाठी मी एक जलरंगातले निसर्गचित्र दिले होते. ते निवडले गेले नाही. निवड न होणे यात विशेष काही नाही, अर्ध्याहून अधिक जणांचे तसेच झाले होते. पण परत आलेले चित्र घेऊन जाताना कोणीतरी सहज म्हणाले, "स्वच्छ आहे, पण कोणाचंही असू शकेल." हे वाक्य माझ्याबरोबर घरी आले आणि राहायलाच आले.

त्यानंतर मी रेखाटन करायला बसे तेव्हा ते वाक्य आधी वहीवर बसलेले असे. रंकाळ्यावर जाऊन संध्यामठ काढायला घ्यावा, चार रेषा ओढाव्यात, लगेच त्यांच्याकडे पाहावे, 'हे कोणाचंही असू शकेल' असे मनात यावे, की रबर! मग पुन्हा चार रेषा, पुन्हा रबर. अर्ध्या तासाने कागद मळकट, बोटे काळी आणि मन कडू. पान फाडून टाकायचे. असे आठवडाभर झाले. मग एक दिवस पाऊस होता म्हणून गेलो नाही. दुसऱ्या दिवशी बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. तिसऱ्या दिवशी कारणही लागले नाही. वर्गातले काम मी करीत होतो, सबमिशन वेळेवर होत होते, त्यामुळे कोणाच्या लक्षातही आले नाही. माझ्याही नाही. मामांच्या भाषेत सांगायचे तर, राहून गेले.

आज मागे वळून पाहताना त्या दिवसांचे गणित अगदी सोपे दिसते. मी एकाच वेळी दोन कामे करीत होतो. एक काढण्याचे आणि दुसरे तपासण्याचे. ही दोन्ही कामे आवश्यक आहेत, पण ती एका बसणीत करता येत नाहीत. शेतकरी पेरतो आणि मळणीही करतो, पण पेरताना कोणी दाणे मोजत बसत नाही. मी रोज पेरलेले रोज संध्याकाळी उकरून पाहत होतो, आणि उगवत नाही म्हणून कुरकुरत होतो. माझी वही आळसामुळे बंद पडली नव्हती, किंवा प्रतिभा आटली म्हणूनही नव्हती. काढणारा आणि तपासणारा यांनी एकमेकांच्या वेळेत घुसखोरी केली, म्हणून ती बंद पडली होती. मला या लेखात एवढी एकच गोष्ट सांगायची आहे. पुढचे सारे तिचे स्पष्टीकरण समजावे.

रबर घरी ठेव

डिसेंबरात आमच्या रेखाटनाच्या सरांनी वही मागितली. मी खरे ते सांगितले. ते रागावतील असे वाटले होते, पण त्यांनी एवढेच विचारले, "शेवटचं पान कुठं आहे?" मी म्हणालो, "फाडलं, सर." त्यावर ते म्हणाले, "मग मी बघू काय? आणि तू तरी काय बघणार? असं कर. रबर घरी ठेव. पेननं काढ. खाली तारीख, वेळ आणि जागा घाल. आणि महिना होईपर्यंत मागचं पान उलटू नको."

पहिल्यांदा हे फारच बाळबोध वाटले. पण मी ते करून पाहिले, आणि प्रत्येक बारीक गोष्टीमागे काहीतरी तर्क आहे हे हळूहळू उमजत गेले.

पेनने काढले की खोडता येत नाही. चुकलेली रेषा तशीच ठेवून तिच्या शेजारी दुसरी ओढावी लागते. त्यामुळे तपासणारा हात चोळत बसतो आणि काढणारा पुढे जातो. शिवाय चुकलेली रेषा पानावर शिल्लक राहिल्याने आपण नेमके कुठे चुकतो याचा पुरावाही राहतो. रबराने आपण चूक सुधारतो असे वाटते, पण बहुतेक वेळा फक्त पुरावा नष्ट करीत असतो.

तारीख, वेळ आणि जागा घालण्याचा उपयोग असा, की त्या जागी चांगले-वाईट लिहिण्याची इच्छा होत नाही. 'गंगावेस, दूधकट्टा, सायंकाळी ६.१०' एवढे लिहिले की पान संपले. ती एक नोंद झाली, निकाल झाला नाही.

मापाच्या बाबतीत मी स्वतःच एक सुधारणा केली. वडील छापखान्यात आहेत. तिथून येणारे पाठकोरे कागद आणि कटिंगचे तुकडे घरी पुष्कळ असतात. त्यांचे पोस्टकार्डाएवढे तुकडे करून मी एक गठ्ठा बांधला. कागद फुकटचा असला की हात मोकळा होतो, हा अनुभव पुष्कळांना असेल. महागड्या हँडमेड कागदावर पहिली रेषा ओढताना छाती धडधडते, पाठकोऱ्या कागदावर तसे होत नाही. रोज दोन तुकडे, एकूण दहा-पंधरा मिनिटे, एवढेच ठरवले. बसची वाट पाहताना एक आणि संध्याकाळी घरी परतताना एक. माप मुद्दामच इतके लहान ठेवले, की ज्या दिवशी ताप आहे, घरी पाहुणे आहेत, मन उदास आहे, त्या दिवशीही ते पुरे व्हावे. चांगल्या दिवसासाठी ठरवलेले माप वाईट दिवशी मोडते. म्हणून माप वाईट दिवसासाठी ठरवावे आणि चांगल्या दिवशी हवे तर चार जास्त काढावीत.

आणि तरीही खाडे पडतातच. त्यासंबंधी मी एक नियम केला आहे, तो म्हणजे खाडा भरून काढायचा नाही. काल दोन राहिली म्हणून आज चार, परवाची धरून सहा, असे सुरू झाले की वहीचे सावकाराचे खाते होते. व्याज वाढत जाते आणि शेवटी ऋणको गाव सोडून पळतो. गेलेला दिवस गेला. आजची दोन तेवढी काढावीत.

मळणीचा दिवस

आता दुसऱ्या कामाकडे येऊ. तपासणाऱ्याला महिनाभर बाहेर उभे केले, पण कायमचे नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्याचा मान असतो. त्या दिवशी नवे काही काढायचे नाही. दुपारी जेवणे झाली की सोप्यात चटई अंथरायची, महिन्याचे सारे तुकडे तारखेनुसार मांडायचे आणि उभे राहून पाहायचे. उभे राहून अशासाठी, की जवळून रेषा दिसते, लांबून माणूस दिसतो, आणि इथे माणूस म्हणजे आपण स्वतः!

पाहताना मी तीन प्रश्न विचारतो. पुन्हा पुन्हा काय आले आहे? घाई कुठे झाली आहे? आणि मी काय टाळले आहे?

पहिल्या जानेवारीची गोष्ट सांगतो. एकतीस दिवसांत पाच खाडे, म्हणजे बावन्न रेखाटने. त्यांत माणसांची सत्तेचाळीस. मी मोठ्या अभिमानाने पाहू लागलो आणि थोड्याच वेळात शरमिंदा झालो. सत्तेचाळीस माणसांत एकालाही धड हात नव्हते. कोणाचे खिशात, कोणाचे शालीत, कोणाचे पिशवीमागे. पाय तर बहुतेकांचे कागदाबाहेरच गेले होते. रोज एकेक पाहताना हे कधी दिसले नसते. एका माणसाने हात खिशात घातले तर तो त्या माणसाचा स्वभाव, पण सत्तेचाळीस माणसांनी घातले तर तो चित्रकाराचा स्वभाव. फेब्रुवारी महिना मग मी हातांना दिला. महाद्वार रोडवरची गजरे ओवणारी बाई, केएमटीचा वाहक, केशकर्तनालयातला कात्रीचा हात, आणि काहीच मिळाले नाही तर स्वतःचा डावा हात.

त्याच मांडणीत दुसरी गोष्ट दिसली, ती मला अधिक महत्त्वाची वाटते. त्या सत्तेचाळीसपैकी अडतीस माणसे पाठमोरी होती. याचे कारण साधे होते. समोरून काढायला मी बुजत होतो, कोणी पाहील, विचारील, रागावेल, म्हणून माणसांच्या मागे उभा राहून काढत होतो. म्हणजे हाही भित्रेपणाच. पण पाहता पाहता लक्षात आले, की या पाठींमध्ये काहीतरी आहे. बाजारातून ओझे घेऊन निघालेल्या बाईची पाठ, बसच्या दांड्याला धरून उभ्या विद्यार्थ्याची पाठ आणि पंचगंगेच्या घाटावर दशक्रिया करून परतणाऱ्या मुलाची पाठ, या तीन पाठी सारख्या नव्हत्या. चेहरा झाकता येतो, पाठ झाकता येत नाही. या वर्षीच्या माझ्या रचनाचित्रांचा विषय तिथून आला. ज्या वाक्याने माझी वही बंद पाडली होती त्याचे उत्तर मला विचार करून मिळाले नव्हते. ते सोप्यातल्या चटईवर, छापखान्याच्या रद्दीच्या पाठीवर पडलेले सापडले. हे चित्र कोणाचेही असू शकेल का, हे मला माहीत नाही. पण अडतीस पाठी मात्र माझ्याच आहेत.

म्हणून मी म्हणतो, की आपण 'रियाज' या शब्दाचा अर्धाच अर्थ घेतो. रोज काढणे हा झाला अर्धा. ठरावीक अंतराने परतून पाहणे हा दुसरा अर्धा. नुसते काढत राहिले तर हात सराईत होतो आणि त्याच त्या युक्त्या गिरवू लागतो. नुसते पाहत राहिले तर हात गारठतो.

थोरांच्या वह्या

हे काही माझे संशोधन नाही. कलेच्या इतिहासाच्या तासाला ज्यांची नावे आपण पाठ करतो त्यांनी आपापल्या परीने हेच केलेले दिसते.

पाउल क्ले याने १९११ साली स्वतःच्या कामाची हस्तलिखित सूची करायला घेतली. लहानपणीची निवडक चित्रेही त्याने मागे जाऊन तिच्यात नोंदवली आणि पुढे जवळजवळ अखेरपर्यंत, म्हणजे १९४० पर्यंत, वर्ष आणि क्रमांक घालून तो नोंदी करीत राहिला. त्याच्या कामांची संख्या नऊ हजारांवर जाते. एवढ्या पसाऱ्यात तो हरवला नाही याचे एक कारण ही सूची असावी असे मला वाटते. ती नुसती यादी नव्हती, तर स्वतःकडे परतून पाहण्याची एक सोय होती.

आपल्याकडचे उदाहरण प्रभाकर बरवे यांचे. १९३६ साली जन्मलेले बरवे जे. जे. स्कूलमधून शिकून बाहेर पडले आणि १९६०च्या दशकाच्या आरंभापासून सुमारे वीस वर्षे त्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. म्हणजे दिवसाचा मोठा भाग कापडावरच्या नक्षीकामाचा. या काळात ते सातत्याने वह्या लिहीत होते. एखादी आकृती, तिच्याविषयीचा विचार, सुचलेली एखादी प्रतिमा असे त्या वह्यांचे स्वरूप. या चिंतनातूनच १९९० साली त्यांचे 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक आले. १९९५ साली ते गेले. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन झाले, तेव्हा चित्रांबरोबर या वह्यांची पानेही मांडली होती. नोकरीमुळे चित्रकला मरते असे आपण सहज म्हणून जातो. ती नोकरीने मरत असेलही, पण प्रत्येक वेळी मरतेच असे नाही, हे बरव्यांकडे पाहून म्हणता येते.

रावबहादूर धुरंधरांचेही असेच. १८९० साली ते जे. जे.मध्ये विद्यार्थी म्हणून आले आणि तिथेच शिक्षक होऊन १९३१ साली निवृत्त झाले. या काळाविषयी त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे पुस्तक लिहिले. वर्गावर शिकवायचे, कारभार पाहायचा आणि तरी मुंबईच्या रस्त्यावरचा माणूस टिपत राहायचे. एडवर्ड्सच्या 'बाय-वेज ऑफ बॉम्बे' या १९१२ सालच्या पुस्तकातली त्यांची चित्रे पाहावीत. फेरीवाल्याच्या डोक्यावरची पाटी आणि नेसण्याची प्रत्येक तऱ्हा त्यांत नजरेने तोलून घेतलेली दिसते. आमच्या कोल्हापुरात आबालाल रहिमान जे. जे.त शिकून परतले, शाहू महाराजांच्या दरबारी चित्रकार झाले, आणि रंकाळा, पंचगंगा, कोटितीर्थ हाच आपला परिसर जलरंगात रंगवीत राहिले. विषयासाठी त्यांना लांब जावे लागले नाही.

मात्र इथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे, नाहीतर हा लेख वाचून कोणी नुसतीच मोजदाद सुरू करायचा. वासुदेव गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी करीत. बाकीचा काळ पाहण्यात आणि थांबण्यात जाई. त्यांच्या बाबतीत थांबणे हाच कामाचा भाग होता. तेव्हा संख्या हे ध्येय नव्हे. प्रश्न असा, की आपण थांबलो आहोत की आपले राहून गेले आहे? थांबणाऱ्याला आपण कशासाठी थांबलो आहोत हे ठाऊक असते.

आटलेले दिवस आणि सोबत

काही दिवस असे येतात, की दोन तुकडेही निघत नाहीत. अशा वेळी 'आतून येईल तेव्हा काढू' असे म्हणण्याचा मोह होतो. त्या मोहात न पडता मी अगदी खालच्या पायरीवर जातो. ब्रश साबणाने धुणे, छटांची पट्टी करणे, आवडत्या चित्राच्या एका कोपऱ्याची नक्कल करणे. नकलेची लाज वाटू नये. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने चित्रकार व्हायचे ठरवल्यावर १८८०-८१च्या सुमारास शार्ल बार्ग याचे रेखाटनाचे धडे गिरवले, आणि १८९० साली, आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, त्यांतले काही पुन्हा काढले. तोवर त्याने आपली जगद्विख्यात चित्रे काढून झाली होती! मग आपल्याला एलिमेंटरी परीक्षेतले फूलपान काढायला कसला कमीपणा?

चौथा टेकू होता पाठीमागे उभ्या राहणाऱ्या सरांचा. तो एकट्याने उभा करता येत नाही. माझा एक वर्गमित्र आणि मी महिन्याच्या त्या रविवारी एकमेकांचे तुकडे पाहतो. नियम एकच आहे. 'छान' म्हणायचे नाही आणि 'बेकार'ही म्हणायचे नाही, जे दिसते तेवढेच सांगायचे. 'तुझी सगळी झाडं उजवीकडं झुकलीत' हे वाक्य चालते. अशा एका वाक्याने दहा शाबासक्यांपेक्षा जास्त काम होते. अलीकडे आपण रेखाटन वाळायच्या आत त्याचा फोटो काढून मोबाईलवरून चार जणांना धाडतो. त्यात वाईट काही नाही, पण त्याने तपासणारे एकाचे चार होतात आणि तेही त्याच क्षणी दारात येऊन उभे राहतात. निदान महिनाभर तो गठ्ठा बांधलेला असू द्यावा असे मी माझ्या अनुभवावरून सुचवीन.

कोणी म्हणेल, की एवढ्या नोंदी, तारखा, रविवार, ही काय कला झाली की दुकानाची वही? ही शंका मलाही येते. दोन तुकड्यांनी कोणी कलावंत होत नाही, हे मान्यच आहे. पण त्यांनी दार उघडे राहते. ज्या दिवशी खरोखर काही यायचे असेल त्या दिवशी ते आत येऊ शकते, एवढेच त्यांचे काम. कडी गंजून बसली, की बाहेर कोण येऊन गेले हेही आतल्याला कळत नाही.

असो. येत्या एप्रिलमध्ये आमची परीक्षा आहे. त्यानंतर मी कुठे असेन हे आज सांगता येत नाही. एखाद्या शाळेत ड्रॉइंगचा शिक्षक, छापखान्यात वडिलांच्या शेजारच्या टेबलावर, किंवा आणखी कुठे. चित्रकार म्हणून नाव होईल असे वचन मी स्वतःलाही देत नाही. पोस्टकार्डाएवढे शंभर तुकडे मात्र कापून ठेवले आहेत.

मामांची वही निघताना मी मागितली नाही. तिच्यात एक काळे पेन ठेवले आणि ती ट्रंकेत परत न टाकता खिडकीपाशी, त्यांच्या चष्म्याच्या डबीशेजारी ठेवून आलो. सव्वीस जानेवारीला पुन्हा गेलो तेव्हा वही तिथेच होती. मी ती उघडून पाहिली नाही. मामांनी काही काढले असेल, नसेल. तपासायला जाण्याचा तो दिवस नव्हता.

खालच्या वर्गातल्या मित्रांना एवढीच विनंती आहे, की शेवटच्या वर्षाची वाट पाहू नका. आज संध्याकाळी घरी जाताना एक रेखाटन करा. कसे झाले ते पाहू नका. खाली तारीख तेवढी घाला.